घाडीच्या घरची तेलाची फळी

शिरगणतीला आलेल्या मास्तरांनी मला विचारलं होतं, "तुमचा धंदा काय?" मी म्हटलं, "तेल करते." त्यांनी घाणा कुठे दिसतो का म्हणून अंगणभर नजर फिरवली. घाणा नव्हताच. मग त्यांनी वहीत लिहिलं, 'घरकाम'. मी हरकत घेतली नाही. खरं काय ते सांगितलं असतं, तर बिचाऱ्यांनी पुढ्यातल्या चहाला हात लावला नसता. मी मंतरायचं तेल करत होते.

त्रेपन्न साली लग्न होऊन मी मालवणजवळच्या खाडीकाठच्या गावात आले. माझे सासरे त्या गावचे घाडी. घाडी म्हणजे काय, ते शहरातल्या वाचकांना सांगायला हवं. गावाच्या देवापुढे गाऱ्हाणं घालणारा, तांदळाचे दाणे मोजून कौल सांगणारा, आणि कोणाला बाधा झाली, नजर लागली, करणी झाली असं वाटलं तर ती उतरवणारा माणूस. हा मान घराण्यात चालत येतो. आमचे हे मुंबईला गोदीत होते आणि चतुर्थीला चार दिवस घरी यायचे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. घरात मी आणि मामंजी. मी सातवी पास, माहेर वेंगुर्ल्याचं, वडील शाळामास्तर. "चेटकाच्या घरात मुलगी दिली" म्हणून आमच्या नातेवाइकांनी नाकं मुरडली होती. मीही पहिले दोन महिने भीतभीतच वावरले. मग एक दिवस बघितलं, तर हे चेटूकवाले गृहस्थ शेजारच्या मांजरीच्या पिल्लाला कापसाच्या बोळ्याने दूध पाजत होते. तिथून माझी भीती पळाली ती पळालीच.

मामंजींचा बहुतेक इलाज तेलाचा. नारळाच्या करवंटीत तेल घ्यायचं, आम्ही तिला करटी म्हणतो, दूर्वांच्या काडीने ढवळत मंत्र पुटपुटायचा, तीनदा फुंकर मारायची, वर पान बांधायचं आणि द्यायचं. मंत्र त्यांचा. तेल आधी सासूबाई करायच्या, त्यांच्या मागे मी करू लागले.

मंत्राबद्दल मला विचाराल तर मी आजही हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. तेलाबद्दल मात्र तासभर बोलेन. खालचं मूळ तेल नेहमी नारळाच्या रसाचं, घरी आटवलेलं. ते कोणालाच बाधत नाही. खरजेला करंजाचं तेल, पण ते एकाला तीन ह्या मापाने नारळाच्या तेलात मिसळून. सांधेदुखीला उंडीचं तेल. ते पोटात जाता कामा नये, म्हणून त्याची बाटली स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत कधी आणली नाही. फुटलेल्या टाचांना कोकमाच्या बियांचं तेल, थोडं मेण, आणि बिब्याचा थेंब. बिबा चिमट्यात धरून निखाऱ्यावर तापवायचा, सुई टोचली की काळा थेंब गळतो. त्या वेळी तोंड वाऱ्याच्या उलट बाजूला ठेवायचं आणि हाताला आधी खोबरेल चोळून घ्यायचं. बिबा अंगावर उतला तर कातडी भाजल्यासारखी फोड येऊन सोलून निघते. टाचेची कातडी जाड, ती सोसते. दुसऱ्या कुठल्या जागेला तो लावायचा नाही, आणि लहान मुलाच्या जवळपाससुद्धा नाही. वेंगुर्ल्याच्या काजूच्या कारखान्यातून कोणी टरफलाचं काळं तेल आणून देई, "घाला थोडां, जोर येतलो" म्हणे. ते मी दाराच्या चौकटींना लावून टाकायची.

नवं मिश्रण केलं की ते आधी माझ्या कोपराच्या आतल्या बाजूला लावायचं आणि एक दिवस थांबायचं, हा माझा नियम. मामंजी हसायचे. "देवाच्या आधी तुझी परीक्षा पास होवक व्हयी," म्हणायचे. पण त्यांनी मला घाई केली नाही. माझं कोपर त्या वर्षांत कधी लाल, कधी काळं, कधी पिवळं असायचं.

गिऱ्हाईकं नाना तऱ्हेची. एक गृहस्थ बांधाच्या भांडणावरून आले, त्यांना शेजाऱ्याच्या उंबऱ्याला लावायला करणीचं तेल हवं होतं. "असां तेल देवा, काय तेचां घर बसूक व्हया." मामंजींनी माझ्याकडे पाहिलं. मी उंडीचं आणि करंजाचं तेल एकत्र करून दिलं. वास असा की भूतही पळावं. त्यांनी महिनाभर चोरून शेजाऱ्याचा उंबरा माखला आणि शेजाऱ्याच्या उंबऱ्याची जुनी वाळवी समूळ गेली. शेजारी म्हणे, देव पावला.

दुसरा एक जण गिरणीतून रजेवर आलेला. बायको धड बोलत नाही, तिला वश करायचं तेल द्या, असं खाली मान घालून म्हणाला. वश करायचं! वर्षातले अकरा महिने मुंबईत, त्या बाईने बोलायचं तरी कुणाशी? सुरंगीचा मोसम होता. कोमट नारळाच्या तेलात सुरंगीची फुलं घालून तीन दिवस ठेवली, गाळली. मामंजींनी मंत्र घातला आणि मी पडवीतून नियम सांगितला, "ह्यां तेल तिच्या केसांक तूच लावूचां. रोज सांजेक. दुसऱ्यान लावला तर गुण येवचो नाय." त्याचे कान लाल झाले. रजा संपताना तो आणखी एक करटी मागायला आला तेव्हा सोबत बायको होती, आणि ती हसत होती.

सगळंच असं गोड नव्हतं. तापाने फणफणलेल्या माणसांना आम्ही तेल चोळत बसलो आणि डॉक्टरकडे जायला उशीर झाला, असंही घडलंय. त्याचा सल अजून आहे. पुढे मी मामंजींच्या मागे लागून नियम करून घेतला, ताप असेल तर आधी मालवणचा डॉक्टर, मग तेल.

आता मुख्य गोष्ट. मामंजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. ते कबूल करत नसत आणि मी विचारत नसे. घाड्याला कौलाचे तांदूळ दिसले पाहिजेत. दिसत नाहीत असं गावाला कळलं, तर मान त्यांच्या चुलतभावाकडे जाणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. ते दाणे चिमटीने चाचपून मोजायचे आणि नजर मात्र दाण्यांवर रोखून ठेवायचे. मी आपली आतल्या खोलीतल्या तेलाच्या फळीवर खुणा करून ठेवत असे. पोरांच्या तेलावर केळीचं पान, बिब्याच्या तेलावर फणसाचं. केळीचं पान मऊ, फणसाचं जाड. आंधळ्यालाही कळावं. हा शब्द मी मनातल्या मनातसुद्धा उच्चारत नसे.

तेलाचे नियम कडक होते. मंतरलेलं तेल जमिनीवर टेकवायचं नाही. नेणाऱ्याने घरी पोचेपर्यंत बोलायचं नाही आणि मागे वळून बघायचं नाही, कारण देवचार, म्हणजे वाटेवरचं भूत, ओळखीच्या आवाजात हाका मारतो आणि तेलातला गुण काढून घेतो. आणि बायका कडेला बसल्या, म्हणजे पाळी आली, की चार दिवस त्यांची सावलीही फळीवर पडता कामा नये. त्या चार दिवसांत मी मागच्या पडवीत बसायची. पेज मामंजी स्वतः रांधायचे आणि वरून माझ्या ताटलीत ओतायचे. "मीठ बरोबर आसा मां?" म्हणून विचारायचे. मीठ कधीच बरोबर नसायचं. मी व्हय म्हणायची.

माझे असे चार दिवस चालू असताना वैशाखातल्या एका सकाळी खाडीपलीकडून आनंदी आली. विशीतली पोर, नवरा मचव्यावर खलाशी, मचवा तेव्हा दूर कुठेतरी. तिचं पहिलं मूल सव्वा महिन्याचं होऊन गेलं होतं. आता दुसरा मुलगा तीन महिन्यांचा, त्याच्या अंगावर पुरळ उठला होता आणि तो रात्रंदिवस रडत होता. त्याला घरी ठेवून ती एकटीच आली होती. ताप नव्हता, दूध पीत होता, एवढं मी पडवीतून विचारून घेतलं. उन्हाळी पुरळ. मी आदल्याच आठवड्यात केलेलं नुसतं नारळाच्या रसाचं तेल फळीवर केळीच्या पानाखाली तयार होतं. शेजारी एका रापणकाराच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्याच्या, टाचांसाठी केलेलं बिब्याचं तेल होतं, फणसाच्या पानाखाली.

आनंदी पडवीजवळ आली. "वैनी, ह्यां तरी ऱ्हवात मां गो?" तिने मला विचारलं.

"ऱ्हवात गो बाय. फक्त वाटेत कोणी हाक मारली, अगदी माझ्या आवाजात मारली, तरी वळू नको," मी म्हटलं. नियम नीट सांगायची माझी फार हौस.

समोर ओट्यावर गावातली दोन माणसं कौलासाठी बसली होती. त्यांच्यादेखत चाचपायचं टाळून मामंजींनी घाईने फळीवरून करटी घेतली, मंत्र घातला, आनंदीच्या हातात दिली. ती दोन्ही हातांनी करटी छातीशी धरून निघाली. मी पडवीतून सहज आत पाहिलं. फळीवर केळीचं पान तसंच होतं.

म्हणजे आनंदी घेऊन गेली होती ती फणसाच्या पानाखालची करटी. मामंजींना हाक मारावी, तर समोर गावाचे दोन डोळे नव्हे, चार डोळे बसलेले. 'मामंजी, तुम्ही चुकीची करटी दिलीत' हे त्यांच्यादेखत म्हणणं म्हणजे त्यांचा मान मी माझ्या तोंडाने काढून देणं. आणि तिकडे त्या तीन महिन्यांच्या पोराला अंगभर बिबा लागणार होता. मी मागच्या मागे उडी टाकली आणि भाताच्या कुणग्यांतून धावत सुटले.

"आनंदी! आनंदी गो!"

ती वळली नाही. मी हाक मारली की ती आणखी भरभर चालायची.

"अगो मी इंदू! खरीच मी! थांब!"

आता ती पळायलाच लागली. का नाही पळणार? मीच तर सांगितलं होतं. माझ्या आवाजात जितकी काकुळती, तितका तिला देवचार पक्का. आज लिहिताना हसू येतं, तेव्हा मी रडत होते. उघड्या शेतातल्या ढेकळांवरून ठेचकाळत मी तिला वळसा घालून तरीच्या, म्हणजे खाडी ओलांडायच्या होडीच्या, धक्क्यापाशी गाठलं आणि वाट अडवून उभी राहिले. तिने डोळे गच्च मिटून घेतले. ओठ दातांखाली दाबलेले. घामाने चेहरा निथळत होता, पण करटीतला थेंब सांडलेला नव्हता. असं जिवापाड कोणी काही धरलेलं मी पुन्हा पाहिलं नाही.

खरं सांगितलं असतं तर तिने ऐकलं नसतं, आणि तरीवर चार माणसं बसली होती, ती ऐकत होती. माझ्यापाशी एकच उपाय होता. मी कडेला बसलेली होते. मी हात पुढे केला आणि करटीला शिवले.

आनंदीने डोळे उघडले. माझा हात बघितला आणि तिच्या तोंडून किंकाळी फुटली. "वैनी, काय केलंस गो ह्यां! बाटवलंस! माझां पयलां गेलां, ह्यां पण जावक व्हयां काय तुका?"

"चुकान शिवलंय," मी म्हटलं. "माझी चूक. चल परत, दुसरां तेल घेवया."

तरीवरची माणसं काय म्हणाली ते मी लिहीत नाही. दिवाळीचा अंक आहे. आम्ही दोघी परत निघालो, ती पुढे आणि मी दहा पावलं मागे. सबंध वाटेत ती हुंदके देत होती आणि मला तिच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटत होता. तोही फिरवता येत नव्हता.

ओट्यावरच्या दोघांना सगळं कळलं. एक जण म्हणाला, "घाडीबुवा, घरातच असो आचार, मगे आमी खंय जावचां?"  मामंजींनी आनंदीच्या हातून करटी घेतली. अंगठा पानावर टेकला, एकदा फिरला, पुन्हा एकदा फिरला. मग त्यांनी करटी नाकापाशी नेली. त्यांचा चेहरा पडला, आणि ते मान वर करून माझ्या दिशेने बघत राहिले. मी कुठे उभी आहे ते त्यांना नीट दिसत नव्हतं, हे मला दिसत होतं.

"इंदू, आत ये. तेल कर," ते म्हणाले.

"मामंजी, माझो तिसरो दिवस."

"माका ठावक आसा. देवाकय ठावक आसा. पोराक तेल व्हया."

ओट्यावरचा माणूस उठून उभा राहिला. मामंजींनी हाताने त्याला खाली बसवलं. मी पाय धुतले आणि आत गेले. केळीच्या पानाखालचं तेल होतंच, पण मी ते नव्याने नव्या करटीत गाळलं, कोपराला लावलं, जिभेवर ठेवून पाहिलं.  त्या खोलीत त्या दिवसांत बाई शिरल्याचं घराण्यात कोणी ऐकलेलं नव्हतं.

पोराचं काय झालं ते इथेच सांगून टाकते, वाचणाऱ्यांच्या जिवाला घोर नको. आठवडाभर तेच तेल लावलं, दुपट्यातून मोकळं ठेवलं, पुरळ गेला. आणि मान? तोही गेला. पावसाळ्याआधीच गावाने तो चुलतभावाला दिला. तेल मात्र पुढेही बरीच वर्षं माझ्याकडूनच जात होतं, महिन्याच्या तिसाही दिवशी. लोक बोलायचे आणि न्यायचेही. मला वाटायचं, मी आणखी जोरात धावले असते, आनंदीला धक्क्याच्या अलीकडे, माणसांच्या नजरेआड गाठलं असतं, तर मामंजींना पुढचं करावं लागलं नसतं. अजूनही कधी कधी वाटतं.

कारण मी करटी आणून ठेवली तेव्हा त्यांनी लगेच मंत्र घातला नाही. ते उभे राहिले, हात जोडले आणि गाऱ्हाणं घालायला लागले. गाऱ्हाणं म्हणजे देवाशी मोठ्याने केलेलं सरळ बोलणं. घाडी एकेक ओळ बोलतो आणि जमलेले सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. जमलेल्यांनी होय म्हटल्याशिवाय ते देवाला पोचत नाही, असं आम्ही मानतो. होय म्हणायचं ते पुरुषांनी.

"बा देवा म्हाराजा," मामंजी म्हणाले, "आज ह्या जाग्यार तेल चुकलां."

"व्हय म्हाराजा," ओट्यावरचे दोघे म्हणाले.

"माझ्या सुनेन तां बाटवूक नाय. तिना पोर वाचवल्यान. करटी मिया चुकीची दिलंय. तेच्यात बिबो होतो."

दोघांचाही आवाज उमटला नाही. आनंदीने तोंडावर हात घेतला.

"माका दिसणा नाय, म्हाराजा. दोन वर्सां झाली. मिया तां तुझ्यापासून आणि गावापासून लपवलंय. जी काय शिक्षा आसात ती माझ्या माथ्यार घाल. सुनेर आणि ह्या पोरार राग धरू नको."

 एकाने मान खाली घातली, दुसरा माडांकडे बघत राहिला. घाड्याच्या अशा ओळीला होय कसं म्हणावं, हे त्यांना सुचत नव्हतं. मामंजी हात जोडून थांबले होते. उत्तर आल्याशिवाय ते पुढे जाऊ शकत नव्हते. मला म्हणायचं होतं, आणि म्हणायचं नव्हतंही. ज्यांची लाज झाकायला मी तेवढी धावले, त्यांच्याच कबुलीला मी होय कसं म्हणू?

मग आनंदीने तोंडावरचा हात काढला. "व्हय म्हाराजा," ती म्हणाली. आवाज लहान होता, पण स्पष्ट होता. तिच्या मागोमाग मी म्हटलं, आणि मग ते दोघेही म्हणाले.

मामंजींनी मंत्र घातला, तीनदा फुंकर मारली, केळीचं पान स्वतः बांधलं आणि करटी पुढे केली. आनंदी डावीकडे उभी होती, त्यांनी हात उजवीकडे, रिकाम्या भिंतीसमोर धरला. सगळे बघत होते. मी पुढे झाले, चारचौघांदेखत त्यांचं मनगट धरलं आणि आनंदी उभी होती तिकडे वळवलं.